हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येतो. त्यासाठी नवा लॅपटॉप घ्यावा का?

प्रश्न परभणीहून आला आहे. थोडक्यात असा: गाण्याच्या विशारदची तयारी चालू आहे आणि रियाज लॅपटॉप समोर ठेवून होतो. लॅपटॉप आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, विंडोज ११. टेबलावर यूएसबी माइक, कानात वायरलेस हेडफोन. तानपुरा आणि तबला लॅपटॉपमधून वाजतो. सूर कुठे उतरतो ते कळावं म्हणून स्वतःचा आवाजही हेडफोनमध्ये घेतला, पण तो मागून येतो. कुणीतरी सांगितलं म्हणून एएसआयओ-फोर-ऑल हे सॉफ्टवेअर टाकलं, बफर (आवाजाच्या गठ्ठ्याचं माप) ६४ वर आणला, तर तडतड सुरू झाली. घरात एक छोटा मिडी कीबोर्ड (पेटीसारख्या पट्ट्यांचा, आवाज लॅपटॉपमधून काढणारा) आहे, तोही दाबल्यावर जरा थांबून बोलतो. दुकानदार म्हणतो, लॅपटॉपच बदला.

दुकानदाराचं इतक्यात ऐकू नका. नांदेडला माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. अभंग, भारुडं, शाळांची समूहगीतं असं काम चालतं आणि त्यातलं बरंचसं विंडोज लॅपटॉपवरच होतं. तुमच्यापेक्षा अशक्त लॅपटॉपवर लोक आरामात गातात. तुमचा अडथळा लॅपटॉपच्या ताकदीत नाही, आवाज ज्या वाटेने फिरवताय त्या वाटेत आहे.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. तानपुरा किंवा ठेका लॅपटॉपमधून उशिरा निघाला तर रियाजाचं काहीच बिघडत नाही. तो अर्धा सेकंद उशिरा निघाला तरी तुमच्या कानावर पडेल तीच तुमची सम. तुम्ही ऐकून गाता, त्यामुळे साथीच्या आवाजाला उशीर हा प्रश्नच नाही. उशीर बोचतो तो तुम्ही केलेली कृती लॅपटॉपमधून फिरून तुमच्याच कानाकडे परत येते तेव्हा. गाताना तुमचा गळा, कीबोर्डवर तुमचं बोट. या दोन्हींचा इलाज वेगळा आहे, म्हणून एकाच सेटिंगने दोन्ही सुटतील असं समजू नका.

पहिलं काम आजच करा: वायरलेस हेडफोन बाजूला ठेवा. ब्लूटूथवर आवाज पाठवायचा तर तो आधी दाबून बारीक करावा लागतो, मग हवेतून पाठवायचा, मग हेडफोनच्या आत उलगडायचा, आणि मध्ये तुटू नये म्हणून थोडा साठवूनही ठेवायचा. यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद सहज जातात. स्वतःचा आवाज इतक्या उशिराने कानात आला की माणूस साधं बोलतानाही अडखळतो, तान घेणं दूरच. वरून त्याच हेडफोनचा माइक चालू झाला तर विंडोज त्याला फोनवर बोलायच्या मोडमध्ये टाकतं आणि तानपुऱ्याची सगळी जवारी जाते. ब्लूटूथचा हा उशीर विंडोजच्या कुठल्याही सेटिंगने जात नाही. दोन-तीनशे रुपयांचा वायरचा इअरफोन या बाबतीत महागड्या वायरलेसला भारी पडतो.

आता वायरचा हेडफोन लावूनही उशीर का राहतो ते बघू. लॅपटॉप आवाज सलग हाताळत नाही, गठ्ठ्यांनी हाताळतो. मानवतच्या काळ्यापिवळ्या जीपसारखं आहे हे: सीटा भरल्याशिवाय गाडी हलत नाही. बफर म्हणजे त्या सीटा. ४८,००० हर्ट्झवर काम चालू असेल तर सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेतले जातात. बफर २५६ चा ठेवला तर एक गाडी भरायला ५.३ मिलिसेकंद लागतात, १२८ ला २.७, आणि १०२४ ठेवला तर २१ च्या वर. आत येताना एक गाडी आणि बाहेर जाताना एक, म्हणजे हा आकडा दुप्पट धरायचा. त्यात आवाजाचे आकडे करणारी आणि आकड्यांचा परत आवाज करणारी चिप, यूएसबीची देवाणघेवाण आणि ड्रायव्हरने (विंडोज आणि यंत्र यांना जोडणाऱ्या प्रोग्रामने) गुपचूप राखलेला साठा यांचे काही मिलिसेकंद मिळवा. चांगल्या इंटरफेसवर (माइक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडायच्या यूएसबी पेटीवर) २५६ ला एकूण फेरी साधारण पंधराच्या आसपास बसते. विंडोजच्या नेहमीच्या सामायिक वाटेने गेलात, तर मध्ये आणखी एक थांबा येतो. तिथे सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र मिसळले जातात आणि त्यावर कंपनीने घातलेले डॉल्बी वगैरे इफेक्ट चढतात.

हे आकडे किती मोठे? हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. मे महिन्याच्या दुपारी किंचित जास्त. म्हणजे १० मिलिसेकंद म्हणजे साडेतीन मीटरवरून ऐकणं. सप्त्याच्या मंडपात मृदंगापासून रांगेतला शेवटचा टाळकरी दहा मीटरवर असेल तर त्याला थाप जवळजवळ ३० मिलिसेकंद उशिरा पोचते, तरी टाळ जुळतात. कारण तो नुसता ऐकत नाही, मृदंगवाल्याचा हातही बघतो. शिवाय त्याचा स्वतःचा टाळ त्याच्या हातातच वाजतो, ताबडतोब. तुमच्या बाबतीत नेमकं उलटं झालंय: साथ कानाशी आहे आणि स्वतःचा गळा लांबून येतोय.

गायकाची आणखी एक अडचण असते आणि ती बहुतेक जण उशीर म्हणून ओळखतच नाहीत. तुमचा आवाज हाडांतून थेट कानात पोचतोच. त्यावर हेडफोनमधला तोच आवाज ४-५ मिलिसेकंद मागून येऊन मिसळला, की काही स्वर एकमेकांना खातात आणि काही फुगतात. गायक म्हणतो, "आवाज पोकळ येतोय, डब्यात बोलल्यासारखा." मग माइक बदलतात, इक्वलायझर फिरवतात. माइकचा काही दोष नसतो. म्हणूनच कीबोर्ड वाजवणाऱ्याला १० मिलिसेकंद चालतात, पण गायकाला तेवढेही खटकू शकतात. हे माणसागणिक बदलतं. कुणाला १२ ला काही कळत नाही, कुणी ६ ला मान हलवतो.

त्यामुळे गाण्यासाठी माझा सल्ला सरळ आहे: स्वतःचा आवाज लॅपटॉपमधून फिरवूच नका. तुमच्या यूएसबी माइकच्या बुडाशी किंवा पाठीमागे हेडफोनचं भोक आहे का बघा. बऱ्याच यूएसबी माइकना ते असतं. तिथे हेडफोन लावला की तुमचा आवाज माइकच्या आतूनच, लॅपटॉपला न विचारता, कानात येतो. तानपुरा लॅपटॉपकडून त्याच माइकमध्ये येतो आणि दोन्ही तिथे मिसळतात. विंडोजमध्ये आवाज बाहेर काढायचं साधन म्हणूनही तोच माइक निवडायचा, एवढंच लक्षात ठेवा. नाहीतर तानपुरा लॅपटॉपच्या स्पीकरवर वाजत राहील आणि तुम्ही म्हणाल, हेडफोन बंद पडला. इंटरफेस असेल तर त्यावर डायरेक्ट किंवा मॉनिटर लिहिलेलं बटण अथवा फिरवायची घुंडी असते, काम तेच.

हे केल्यावर हमखास एक तक्रार येते: आता दोन-दोन आवाज येतात, एक लगेच आणि एक मागून. म्हणजे जुनी वाट अजून उघडी आहे. ती दोन ठिकाणी बंद करायची असते. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग, म्हणजे आवाज परत ऐकवणं, बंद करा. मग विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये खाली 'मोर साउंड सेटिंग्ज' उघडा, रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये तुमच्या माइकवर दोनदा क्लिक करा, आणि 'लिसन' या टॅबमधली 'लिसन टू धिस डिव्हाइस' ही खूण काढा. माझा अंदाज, तुमच्याकडे हीच खूण असणार. माझ्याकडे आवाज मागून येतो म्हणून लॅपटॉप घेऊन येणाऱ्यांत ही खूण वारंवार सापडते. कुठल्या तरी व्हिडिओत बघून लावलेली असते आणि नंतर विसरलेली.

माइकला भोक नसेल तर? तर निव्वळ रियाजासाठी एक कान उघडा ठेवा. हेडफोनचा एक कप कानामागे सरकवायचा, तानपुरा एका कानात, स्वतःचा आवाज दुसऱ्या कानाने खोलीतून. स्टुडिओतले जुने गायक आजही असेच गातात आणि सूर पकडायला ही सवय वाईट नाही. हेडफोनमध्ये गुळगुळीत, रिव्हर्ब घातलेला स्वतःचा आवाज ऐकून रियाज करण्याच्या मी फारसा बाजूचा नाही. त्यात चुकलेला सूरही गोड लागतो. पण तो माझा स्वभाव झाला, तुमच्या गुरुजींचं मत वेगळं असेल तर ते माना.

आता मिडी कीबोर्ड. इथे पळवाट नाही. आवाज लॅपटॉपच्या आतच तयार होतो, त्यामुळे तो लॅपटॉपमधूनच यावा लागतो. पण निम्मंच अंतर आहे, कारण येताना माइकची गाडी भरावी लागत नाही, फक्त जातानाची. इथे ड्रायव्हर सगळ्यात महत्त्वाचा. एएसआयओ ही स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ च्या सुमारास आणलेली पद्धत आहे, ज्यात सॉफ्टवेअर विंडोजचा मिसळणारा थांबा टाळून थेट यंत्राशी बोलतं. इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असेल तर तोच टाका. एएसआयओ-फोर-ऑल हा तसा ड्रायव्हर नव्हे. तो विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. वाईट नाही, अडल्या वेळी कामाला येतो, पण खालचा ड्रायव्हर सुस्त असेल तर मुखवट्याने तो चपळ होत नाही. लॅपटॉपच्या आतल्या साउंडवर कीबोर्ड वाजवायचा असेल तर आधी सॉफ्टवेअरमध्ये वासापी, एक्सक्लुझिव्ह मोड निवडून बघा. व्हिस्टापासून तो विंडोजमध्येच आहे, काही टाकावं लागत नाही. एक्सक्लुझिव्ह म्हणजे तेवढा वेळ दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामचा आवाज येणार नाही. ब्राउझरमधला लेहरा गप्प झाला तर घाबरू नका. यादीत एमएमई किंवा डायरेक्ट साउंड निवडलेलं दिसलं तर ते बदला, त्या जुन्या आणि संथ वाटा आहेत.

सोबत दोन बारीक गोष्टी. विंडोजमध्ये ४८,००० आणि सॉफ्टवेअरमध्ये ४४,१०० असं ठेवू नका, दोन्हीकडे एकच आकडा ठेवा. आणि साउंड सेटिंगमधले ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा. मग सॉफ्टवेअरमध्ये कुठला लिमिटर, नॉइज काढणारा किंवा सूर दुरुस्त करणारा प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडलेला छोटा प्रोग्राम) चालू आहे का बघा. हे पुढचा आवाज आधी बघून काम करतात, म्हणून ते मुद्दाम उशीर घालतात. बफर कितीही लहान करा, तो उशीर तसाच राहतो. असे प्लगइन वाजवताना बंद, मिक्सिंगला चालू.

आता तडतडीकडे येऊ, कारण दुकानदाराने लॅपटॉप बदला म्हटलं ते त्यावरूनच असणार. ६४ चा बफर म्हणजे लॅपटॉपला दर १.३ मिलिसेकंदाला हजेरी लावायची आहे. प्रोसेसर सरासरीने दहा टक्केच चालत असला, तरी एखाद्या क्षणी दुसऱ्या ड्रायव्हरने त्याला दोन मिलिसेकंद अडवून धरलं की ती हजेरी चुकते, आणि चुकलेली हजेरी तुम्हाला 'टक्' अशी ऐकू येते. म्हणून टास्क मॅनेजर बघून काही कळत नाही. लॅटेन्सीमॉन नावाचं एक प्रोग्राम आहे, घरगुती वापराला फुकट. तो चालू करून पाच-दहा मिनिटं नेहमीसारखा कीबोर्ड वाजवा, मग 'ड्रायव्हर्स' टॅबमध्ये सगळ्यात जास्त वेळ कुणी खाल्ला ते बघा. नावं पहिल्यांदा भयंकर वाटतात, पण एनडीआयएसने सुरू होणारं नाव म्हणजे नेटवर्क, बहुधा वाय-फाय. एनव्हीने सुरू होणारं लांबलचक नाव म्हणजे एनव्हिडियाचं ग्राफिक्स. एसीपीआय म्हणजे वीज आणि बॅटरीचं खातं. वाय-फाय बंद करून परत वाजवा. तडतड थांबली तर चोर सापडला. मग कंपनीच्या साइटवरून वाय-फायचा नवा ड्रायव्हर टाका, नाहीतर वाजवताना एअरप्लेन मोड. लेहरा आधीच डाउनलोड करून ठेवला की काही अडत नाही.

एसीपीआय चोर निघाला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीचं नियंत्रण तात्पुरतं बंद करायची युक्ती लोक सांगतात आणि ती बऱ्याचदा चालतेही. आपल्याकडे मात्र जपून. बॅटरी किती उरली ते दिसणं बंद होतं आणि लाइट गेली की रेकॉर्डिंगच्या मध्येच लॅपटॉप डोळे मिटतो. वाजवून झालं की ते परत चालू करा.

आणि लाइटचा विषय निघालाच आहे तर: चार्जर निघाला की लॅपटॉप आपोआप सुस्तावतो. पॉवर सेटिंगमध्ये 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडा, आणि पॉवर प्लॅनच्या आतल्या जास्तीच्या सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. लोडशेडिंगच्या वेळी बॅटरीवर रियाज होणार असेल तर बफर सरळ २५६ ठेवा. इन्व्हर्टर चालू झाल्यावर 'घूं' असा आवाज येतो तो वेगळा रोग आहे, त्याचा उशिराशी संबंध नाही. तिथे तिसऱ्या पिनची अर्थिंग आहे का ते बघायचं.

आपल्या भागातलं दुसरं कारण म्हणजे ऊन. एप्रिल-मेमध्ये खोलीतच पस्तीस-अडतीसच्या पुढे पारा असतो. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला तो वेग कमी करतो. पहाटेच्या रियाजाला आवाज स्वच्छ आणि दुपारी तीनला तीच सेटिंग तडतडते असं होत असेल तर सॉफ्टवेअर उकरत बसू नका. लॅपटॉप गादीवरून उचला, खाली दोन वह्या सारून मागची बाजू वर करा, आणि पंख्याच्या जाळीतली धूळ काढून घ्या. धूळही आपल्याकडे कमी नाही.

बफर ठरवताना ५१२ पासून खाली या: २५६, मग १२८. जिथे तडतड सुरू होते त्याच्या एक पायरी वर थांबा. ६४ चा हट्ट बहुतेकांना लागत नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि पुढच्या विंडोज अपडेटनंतर परत पहिल्यापासून सुरुवात.

कानावर विश्वास नसेल तर मोजा. एखाद्या दिवशी लॅपटॉपमधूनच आवाज फिरवायची वेळ आली तर माइकचं सॉफ्टवेअर मॉनिटरिंग चालू करा, हेडफोनचा एक कप मोबाइलच्या माइकजवळ धरा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि पेन्सिलने यूएसबी माइकशेजारी टेबलावर एकदाच टकटक करा. मोबाइलमध्ये दोन टोकं पडतील, एक टेबलाचं खरं आणि एक हेडफोनमधून आलेलं. ती फाइल ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून मोठी करा आणि दोन टोकांमधलं अंतर निवडा. तेवढे मिलिसेकंद तुमचा खरा उशीर. रीपरसारखं सॉफ्टवेअर वरच्या कोपऱ्यात जो आकडा दाखवतं तो ड्रायव्हरने सांगितलेला असतो आणि ड्रायव्हर काही वेळा चक्क कमी सांगतात.

रेकॉर्ड केल्यावर गाणं ठेक्याच्या मागे बसतं का, हा आणखी वेगळा मुद्दा. सॉफ्टवेअर ड्रायव्हरच्या आकड्याइतका ट्रॅक स्वतःच पुढे ओढून घेतं. आकडा चुकीचा असेल तर थोडा फरक उरतो आणि तो सेटिंगमध्ये एकदा भरून टाकला की मिटतो. मात्र माइक एका यूएसबीवर आणि आवाज लॅपटॉपच्या आतल्या साउंडवर अशी जोडी असेल तर दोघांची घड्याळं वेगळी चालतात. सुरुवातीला जुळलेलं गाणं लांबच्या विलंबितात हळूहळू सरकतं. त्याला सेटिंगचा उपाय नाही, दोन्ही कामं एकाच यंत्रावर आणायची. माइकच्या भोकात हेडफोन लावायला सांगितलं त्याचं हे दुसरं कारण.

ऑनलाइन शिकवणीत गुरुजींच्या तानपुऱ्यावर तिकडून इकडे एकदम गाण्याचा प्रयत्न करत असाल तर तो सोडा. तारेतून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे परभणी-पुणे अंतर काहीच नाही. वेळ जातो तो व्हिडिओ कॉलच्या आवाज दाबण्या-साठवण्यात आणि घरच्या वाय-फायमध्ये. तानपुरा दोघांनी आपापला लावावा, एकाने गावं, दुसऱ्याने ऐकून म्हणावं.

पैसे घालायचेच असतील तर लॅपटॉपवर नको. स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आणि डायरेक्ट मॉनिटरचं बटण असलेला साधा दोन इनपुटचा इंटरफेस आणि वायरचा बंद कपाचा हेडफोन घ्या, तेही कीबोर्ड गंभीरपणे वाजवणार असाल तरच. फक्त गायचं असेल आणि माइकला भोक असेल तर खर्च वायरच्या हेडफोनपुरताच. आधी माइकचं मॉडेल बघा आणि ती 'लिसन'ची खूण काढा. एवढ्यावर गाण्याचा प्रश्न सुटायला हवा. कीबोर्ड तरीही तडतडला तर लॅटेन्सीमॉनच्या यादीत सगळ्यात वर आलेल्या ड्रायव्हरचं नाव आणि त्या वेळी चार्जर लावलेला होता की नाही, एवढं मला कळवा. पुढचं त्यावरून सांगता येईल.